आबांचं वजन एकसष्ट

माझ्या अंगावरचं रबर फाटलंय, डायलची काच पिवळी पडलीय. आकडा वाचायचा तर गुडघ्यावर बसून नाक काचेला लावावं लागतं. पण मित्रांनो, मी जुन्या जातीचा वजनकाटा आहे, स्प्रिंगवाला. मला बॅटरी लागत नाही आणि लाडीगोडी चालत नाही. अंगावर जेवढा भार पडेल तेवढाच मी सांगतो.

माझं तरुणपण विक्रोळीच्या एका दवाखान्यात गेलं. रत्नप्रभा डॉक्टर मला टेबलाशेजारी ठेवायच्या. काय रुबाब होता माझा. बायका चपला काढून चढायच्या, मग उतरून बांगड्याही काढायच्या, आणि तरी रागवायच्या माझ्यावरच. पुढे चकचकीत डिजिटल काटा आला आणि मी कपाटाखाली गेलो. तिथे किती वर्षं काढली ते विचारू नका. मला वजन मोजता येतं, वर्षं नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते जयवंतआबांसाठी. आबांनी कंपनीत तीस वर्षं पंप दुरुस्त केले होते. आता त्यांचं स्वतःचं हृदय थकलं होतं.

"जयवंतकाका, हृदय म्हणजे पंपच," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा जोर कमी मारतो. त्यामुळे मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं, शरीरातलं पाणीच आटलं. म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पायात उतरतं, फुप्फुसात साचतं आणि दमलेल्या पंपावर आणखी ओझं."

"म्हणजे पंप मरतोय आणि हे वरून टाकी भरतायत. असला फिटर आमच्या खात्यात असता तर घरी बसवला असता."

"फिटरचा दोष नाही हो. त्याला खबरच चुकीची मिळते." मग त्यांनी मला पुढे सरकवलं. "हा घरी न्या. सूज नसताना तुमचं वजन एकसष्ट. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नाही, पाणी. तडक इकडे या. एकसष्टवर राहिलात तर शिमग्याला गावी जा, मी अडवणार नाही."

आबा पाच वर्षं गावी गेले नव्हते. शिमग्याला देवीची पालखी त्यांच्या अंगणात नाचते, ती एकदा बघायची, एवढंच त्यांचं मागणं.

घरी मला खिडकीखाली जागा मिळाली. रोज सकाळी नात श्रुतिका शाळेच्या युनिफॉर्ममध्ये खाली वाकायची, आकडा वाचायची आणि कॅलेंडरवर लिहायची.

"आबा, हलू नको ना यार. काटा डिस्को करतोय."

आबा गोळ्या वेळेवर घ्यायचे. पाणी मोजून प्यायचे. शेवंतीआजीच्या हातची अळणी आमटी न कुरकुरता जेवायचे. तरी शिमगा पंधरा दिवसांवर आला आणि काटा चढायला लागला. बासष्ट. साडेबासष्ट. मग एका सकाळी आबांनी खिडकीचा गज धरला आणि थोडा भार तिकडे टाकला. एकसष्ट. श्रुतिकाचं नाक काचेला लागलेलं, तिला हात कुठून दिसणार? त्या दिवसापासून रोज एकसष्ट. गजावरचा हात दिवसेंदिवस घट्ट होत गेला. आबा घरातही मोजे घालू लागले.

निघायच्या दिवशी खिडकीखाली पिशव्यांचा ढीग होता. श्रुतिकाने मला खोलीच्या मधोमध ओढलं. आबा चढले. धरायला काहीच नव्हतं. माझ्या आयुष्यात इतक्या जोराने मी कधी आकडा दाखवला नव्हता.

"सदुसष्ट? आबा, हत्ती खाल्लास काय?"

"काल किती होतं गं?" आजीने विचारलं.

"एकसष्ट. कालपर्यंत रोज एकसष्टच."

"मग एका रात्रीत सहा किलो कोण वाढतं? अहो, बिघडला वाटतं हा."

आबा धापा टाकत खाली उतरले. "जुनं डबडं ते," म्हणाले, "लिही एकसष्ट." आणि पायाने त्यांनी मला पलंगाखाली सारलं. मोज्याच्या आत तो पाय पाण्याने तट्ट फुगलेला होता.

पंधरा दिवसांनी आजी आणि श्रुतिका दोघीच परत आल्या. आबांनी डोळे मिटले तेव्हा पालखी अंगणात यायला अजून दोन दिवस होते म्हणे.

नंतर एका दुपारी श्रुतिकाने मला खिडकीखाली आणलं आणि तांदळाची दहा किलोची न फोडलेली पिशवी माझ्यावर ठेवली. मी दहा दाखवले. तिने पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. दहा. मग पहिल्यांदाच तिने मान वर केली आणि त्या गजाकडे बघत राहिली. आजीने आतून विचारलं, "काय गं करतेस?" ती म्हणाली, "काही नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, पुसत जा. आणि आकडा वाचून झाला की जरा वर, माणसाकडेही बघा. आबांना याचा आता काही उपयोग नाही. तरी सांगतो, कारण सांगण्यापलीकडे मला काही करता येत नाही.