बेंबीवरचा रुपया

मूल गावच्या शाळेत कुटुंबनियोजनाच्या, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. उर्वशी मोठ्या जावेला, आशाबाईला, तिथून घरी नेत होती तेव्हा कनीज सिस्टरनं तिला बजावलं होतं, "तू शिकलेली दिसून राह्यली म्हणून तुलेच सांगतो. बेंबीच्या टाक्यापाशी गोळा आला, दाबून आत गेला नाई, का उलट्या लागल्या, तर घरी इलाज करत बसू नका."

"एवढ्याशा छिद्रातून काय येते सिस्टर?" उर्वशी हसली होती. कडेवरचा प्रणित किरकिरत होता, आणि त्या वर्गात स्पिरिट, घाम आणि ओल्या चटयांचा असा वास कोंडला होता की तिला फक्त बाहेर पडायचं होतं.

मुळात उर्वशीला किळस फार. पोराचा ताप ती वहीत लिहून ठेवायची, पाणी दोनदा उकळायची. पण जखम म्हटलं की तोंडावर पदर. आशाबाईच्या टाक्यावरची पट्टी बदलायची वेळ आली की नेमकं चुलीवरचं दूध उतू जायचं.

ऑपरेशननंतर बाविसाव्या दिवशी आशाबाई भाताच्या रोवणीला गेली. चिखलातून पऱ्ह्यांच्या, म्हणजे भातरोपांच्या, जड पेंढ्या वाहिल्या. संध्याकाळी लुगडं खाली सारून म्हणाली, "पाय बरं उर्वशी, हे काय झालं?"

बेंबीशी लिंबाएवढा फुगा. आशाबाई खोकली की तो डोकं वर काढायचा, बोटानं दाबला की गुडगुड करत आत जायचा. त्या गुडगुडीनं उर्वशी दोन पावलं मागे सरली. हात लावावा लागू नये म्हणूनच की काय, तिला लगेच आठवलं. प्रणितची बेंबी जन्मापासून वर आलेली. घरच्या रिवाजाप्रमाणे तिनं चिंधीत गुंडाळलेला रुपया त्यावर बांधला होता, आणि चार महिन्यांत बेंबी बसली होती.

"प्रणितचा गेला न, तुमचाही जाते बाई. रुपया घट्ट बांधा."

"तूच बांध न वं. नाक काऊन मुरडून राह्यली? मी काय मेली घूस हाय?"

दोघी हसल्या. उर्वशीनं मान वळवून गाठ मारली.

त्याच आठवड्यात बाजारात गिरजाबाई भेटली. शिबिरात ती आशाबाईच्या शेजारच्या चटईवर होती. तिलाही तसाच गोळा. आशाबाईनं तिला मिरच्यांच्या पोत्यांआड नेऊन आपला रुपया दाखवला.

"डॉक्टर झाली का वं तू?"

"मी नाई. माही जाऊ बीए हाय."

उर्वशी शेजारीच उभी होती. तिला बरंच वाटलं होतं.

रुपया बांधल्याच्या नवव्या दिवशी आशाबाईला उलट्या लागल्या. सकाळी पिवळ्या, दुपारी तपकिरी, आणि वास थेट विष्ठेचा. उर्वशीनं पट्टी सोडली. रुपया कातडीत रुतलेला. उचलला तर खाली जांभळं-काळं, ताणून चकाकणारं मांस, त्यावर रुपयाची गोल कड उमटलेली. चिंधी पिवळ्या पाण्यानं चिकट झालेली.

आशाबाईचा नवरा सोमाजी जीप घेऊन आला. चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत उलटीचं घमेलं उर्वशीच्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला ते तिच्या साडीवर हिंदकळायचं. तिनं नाक झाकलं नाही. त्या वासाहून जास्त शिसारी तिला गाठ मारताना वळवलेल्या आपल्या मानेची येत होती.

"बाळाची बेंबी वाढता वाढता आपोआप बसते, रुपयानं नाही," ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले. "इथं टाक्याच्या छिद्रात आतडं अडकलं. वरून तुम्ही झाकून ठेवलं. वीतभर सडलं होतं, कापून काढलं."

आशाबाई वाचली. चौथ्या दिवशी उर्वशी तिची पट्टी बदलत होती, डोळे उघडे ठेवून. तेव्हा आशाबाई पुटपुटली, "गिरजाबाईनंही रुपया बांधला असन, तिले कोणी सांगतलं का वं?"

कोणीच नाही. कनीज सिस्टरच्या रजिस्टरातून गिरजाबाईचं गाव काढून उर्वशी तिथं गेली, तर घराला कुलूप होतं. रोवणीच्या टोळीबरोबर गेली, शेजारी म्हणाले. कोणी सिंदेवाहीकडे सांगे, कोणी गडचिरोलीच्या पलीकडे.

म्हणून उर्वशी भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या भागातल्या भाताच्या शेतात, बांधीत, रोवणीच्या बायका उतरल्या असतील तर जाऊन विचारा. उंच आहे, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे, गिरजाबाई नाव. तिला पोटावरची पट्टी सोडायला लावा. आणि नाक मुरडू नका, जवळून पाहा.