उजवीकडची जागा

मी एक मोटार बोलतेय, आणि तीही अमेरिकन. छप्पर मागे दुमडलं की मी आभाळाखाली मोकळी होते. वय सत्तरीला टेकलंय, पण सध्या अंगावर रंग असा चढलाय की वय सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

जन्म डेट्रॉइटचा. बोटीने मुंबईला आले आणि तिथून पिंपरीच्या एका कंपनीतल्या गोऱ्या साहेबाकडे. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने मला रावेतच्या अर्जुनरावांच्या हवाली केलं. अर्जुनराव त्याच्या बंगल्यावर दूध घालायचे. सायकलपलीकडे त्यांना काही चालवता येत नव्हतं. नदीकाठच्या मोकळ्या रानात ते माझ्यावर शिकले, आणि शिकताना मी काय काय सोसलं ते माझं मला ठाऊक.

माझं स्टिअरिंग डावीकडे. अमेरिकेची पद्धतच ती. त्यामुळे अर्जुनराव डावीकडे बसायचे आणि त्यांची नवी नवरी मंजुळाबाई उजवीकडे, म्हणजे इथल्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो त्या जागी. डोक्यावर पदर, नाकात नथ. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी ही बाईच चालवतेय. चिंचवडपर्यंत बोलवा झाली. चुलतसासरे सोपानराव तर घरी येऊन विचारून गेले, सुनेला मोटार शिकवली कोणी म्हणून.

अर्जुनरावांनी खुलासा केला नाही. उलट पुढे गर्दी दिसली की ते सीटवर खाली सरकायचे आणि मंजुळाबाई ताठ बसून समोर बघायच्या. हसू त्या पोटातच दाबायच्या. मला ते कळायचं, कारण माझी सीट हलायची.

पुढे जीप आली, माझे पार्ट मिळेनात, आणि मी गोठ्यात गेले. अंगावर कडबा रचला. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवायची, तिचा मला मनस्वी राग यायचा. पण दर दसऱ्याला मंजुळाबाई झेंडूचा हार घेऊन यायच्या आणि उजव्या दारापाशी जरा थांबायच्या. अर्जुनराव गेले त्या वर्षीसुद्धा आल्या.

आता गोठ्याच्या जागी इमारत होणार, म्हणून नातू रणजीतने मला चाकणला गोरक्ष मिस्त्रींच्या गॅरेजात नेलं. मिस्त्रींचा हात गुणी. त्यांनी गंज खरवडला, इंजिन बांधलं. मी सुखात होते. मग एके दिवशी रणजीत म्हणाला, स्टिअरिंग उजवीकडे घ्या, ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. मिस्त्रींनी डॅशबोर्ड उतरवला आणि कापायच्या जागी खडूने रेघ मारली.

कापून घ्यायला मी घाबरत नाही हो. पण स्टिअरिंग उजवीकडे आलं, तर मंजुळाबाईंची जागा गेली. आणि सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी रणजीत आजीला रंग निवडायला घेऊन आला. मंजुळाबाई रंगांच्या डब्यांकडे वळल्याच नाहीत. काठी टेकत उजव्या दाराशी आल्या आणि सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर बसल्या. समोरची खडूची रेघ बघून त्यांनी ती कशाची म्हणून विचारलं. रणजीतने सांगितलं.

"मग मी कुठं बसायचं?"

"डावीकडं बस की, आजी."

"तिकडं हे बसायचे. मी न्हाई बसायची तिथं."

मग त्यांनी सगळी जुनी गोष्ट सांगितली. गोरक्ष मिस्त्री हसता हसता उठले, आणि फडक्याने रेघ पुसून टाकली. मला इतकं हायसं वाटलं की पुन्हा एकदा गोठ्यात जा म्हटलं असतं, तरी गेले असते.

गेल्या रविवारी आम्ही निघालो. छप्पर उघडं, रणजीत डावीकडे, आजी उजवीकडे. वाकडच्या चौकात पुढे वाहतूक पोलीस दिसला आणि रणजीत अगदी आजोबांसारखा सीटवर खाली सरकला. पोलिसाने शिट्टी मारली, उजव्या दाराशी आला.

"आजी, लायसन दाखवा."

मंजुळाबाईंनी पदर सावरला आणि काही बोलण्याआधीच त्यांना हसू फुटलं. इतकी वर्षं पोटात दाबलेलं ते हसू चौकभर ऐकू गेलं. पोलिसाने वाकून आत पाहिलं, आणि तोही हसला.

तेव्हा एक विनंती. मी तुम्हाला रस्त्यात कुठे दिसले, तर जवळ येऊन नीट बघू नका. लांबूनच म्हणा, आजी गाडी चालवतेय.