बटणांचं कौतुक

आमच्या भाषेत झिग्बोडी म्हणजे धीर. हे नाव मीच ठेवलं आणि पोरीने बोलायला लागल्यापासून त्याचा सूड उगवला. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, खुशाली विचारावी, मग येण्याचं कारण. ही बया दारातच विचारायची, "काय काम काढलंत?" माझ्या शिवणाच्या दुकानात एका बाईला तिने सांगितलं की टेप संपली, तुम्ही अजून उरलात. ती बाई गेली, वर आपल्या दोघी बहिणींनाही घेऊन गेली.

मग मी वर्षभर शिकवणी घेतली. खोटं बोलू नकोस, पण खरं अंगावर फेकूही नकोस. ब्लाउज बिघडलेला दिसला तर बटणांचं कौतुक कर. चौदाव्या वर्षी पोरगी इतकी गोड झाली की आमचं अख्खं केटा गाव मला विचारायचं, औषध कुठलं दिलंस?

त्याच सुमारास चर्चमधल्या विधुर एफो सेनायांनी मला मागणी घातली. नवरा गेल्यापासून सात वर्षं मी एकटीने काढली होती. मला ते हवे होते, उगाच लाजू कशाला. शनिवारी त्यांचे काका जिनची बाटली घेऊन येणार, ती उघडायची का म्हणून चारचौघांत मला विचारणार. मी हो म्हटलं की सोयरीक पक्की.

शुक्रवारी भेंडीच्या सारात अक्प्लेचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उंड्याचा, घास बुडवता बुडवता मी झिग्बोडीला विचारलं, एफो कसे वाटतात?

"त्यांचे बूट नेहमी चकचकीत असतात."

बटणांचं कौतुक! मी घास ताटात परत ठेवला.

"मी गिऱ्हाईक नाही. सरळ बोल."

"तू तापाने पडली होतीस तेव्हा मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, दुकान कोण बघतंय. तू कशी आहेस, ते एकदाही नाही."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू शिवताना गाणं म्हणायला लागली होतीस, आई."

तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावीशी वाटली. हात मात्र साराने बरबटलेले.

शनिवारी काका आले. नकाराच्या चार गोड तऱ्हा मी पाठ केल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाटली उघडू?

"नको. त्यांना दुकान हवंय. दुकानाला लग्न करायचं नाही."

काकांनी बाटली पिशवीत घातली आणि निघाले. मी ताठ बसून राहिले. झिग्बोडीने फाटकापर्यंत जाऊन पाहिलं, परत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"गेले ते. आता रड."

मग मी रडले.