तळ दाखवणारी वही

मी आलेखवही बोलतेय. बारीक हिरव्या चौकोनांची, जाड पुठ्ठ्याची. आधीच कबूल करते, मी फार जळकी आहे.

भूमितीचे मास्तर निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी मला घरी आणलं. रोज बाजार बंद झाला की एका सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव ते माझ्यावर ठिपक्याने मांडत. वीस दिवसांची सरासरी काढून निळी रेघ ओढत. घसरलेला भाव रेघेच्या वर आला की लाल बाण काढून शेजारी लिहीत, 'तळ'. बाजाराचं मन या घरात फक्त मलाच कळतं, असं मला वाटायचं.

मग लेकीने टॅबलेट आणला. "बाबा, हा आरएसआय बघा, शेअरची विक्री किती ताणली गेलीय ते दाखवणारा आकडा. तीसच्या खाली गेला की विकणारे थकले समजायचं. तिथून भाव फिरतो."

मास्तर हरखले. टॅबलेटच्या काचेवरून ते लाडाने बोट फिरवत, आणि माझ्यावर चहाचा कप ठेवत! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दुपारी आकडा सत्तावीसवर आला. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे मास्तरांनी तिला न विचारता त्याच शेअरमध्ये लावले. आकडा तीसच्या खालीच लोळत राहिला आणि भाव घसरतच गेला. खोटं कशाला बोलू, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बायकोला कळलं तेव्हा मास्तर खाली मान घालून म्हणाले, "वहीवर विसंबलो असतो तर असं झालं नसतं."

मी फुलून गेले. तिने मला मांडीवर घेतलं आणि एकेका बाणावर बोट ठेवत गेली.

"अहो, गेल्या वर्षीच्या घसरणीत तुम्ही सहा वेळा तळ लिहिलाय. खरा कुठला?"

"शेवटचा."

"तो शेवटचा, हे कधी कळलं?"

मास्तरांनी शेवटच्या बाणापुढचे ठिपके बोटाने मोजले. "नंतर," ते म्हणाले.

माझा सगळा तोरा उतरला.

ऑपरेशन वर्षभर पुढे गेलंय. मास्तर पुन्हा शिकवण्या घेतात. मी आणि टॅबलेट एकाच फळीवर पडून आहोत. कुणी मला उघडलंत, तर एवढं करा: चुकलेले पाच बाण खोडू नका. माझ्यात खरं तेवढंच आहे.

रोज सकाळी बायको जिना उतरते तेव्हा मास्तर तिचा हात धरून एकेका पायरीवर थांबतात. दार उघडं असलं की मला ते दिसतं. आणि काय सांगू, मला आता तिचाही हेवा वाटतो.