माझी शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझी शेवटची आठ पानं दोन वर्षं माझ्याजवळ नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण न सांगितल्यानं काय होतं ते मी सोसलं आहे.

माझं नाव 'मंगळावरची विहीर'. इरा नावाची एक इंजिनिअर मंगळावर विहीर खणते, तिची ही गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी एका लहान छापखान्यात मला दोऱ्यानं शिवलं, निळा पुठ्ठा चढवला आणि मी गारखेड्यातल्या वाचनालयात आले. पहिली काही वर्षं मला वाचायला रांग असायची. मग घरोघरी टीव्हीवर अंतराळयानं उडू लागली आणि मी सगळ्यात खालच्या फळीवर गेले. तिथं फक्त झाडू भेटायला यायचा.

मला पुन्हा वर काढलं शनिवारच्या मंडळींनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले श्रीधरकाका, उस्मानपुऱ्यात टीव्ही दुरुस्त करणारे फारूखभाई आणि एमएस्सी झालेली सावनी. सावनीच्या कडेवर तेव्हा तिचा दहा महिन्यांचा मुलगा केयूर असायचा. दर शनिवारी संध्याकाळी हे लोक जमून विज्ञानकथांवर आणि टीव्हीवरच्या मालिकांवर भांडायचे. त्यांची एक रीत होती. पुस्तक वाचलं की आपलं मत चिठ्ठीवर लिहून पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात ठेवायचं. पण शेवट काय ते लिहायचं नाही, पुढच्याची मजा जाते.

एका दुपारी मी सावनीच्या घरी सतरंजीवर होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून ती गॅस बंद करायला उठली. दोन मिनिटं गेली असतील. केयूरला दात येत होते. ती परत आली तेव्हा माझी शेवटची आठ पानं त्याच्या मुठीत होती आणि एक कोपरा तोंडात. तिनं आधी त्याच्या तोंडात बोट घातलं, तुकडा काढला, पुन्हा एकदा जीभ उचलून पाहिलं, मग पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्याकडे तिचं लक्ष बऱ्याच वेळानं गेलं. तिचा चेहरा उतरला.

तिनं ती पानं इस्त्रीखाली सरळ करून पाकिटात ठेवली. माझा सुटलेला पुठ्ठा मैद्याच्या खळीनं चिकटवला आणि मला गुपचूप परत केलं.

आता माझी शेवटची वाक्यं ही उरली होती: 'इराने दोर ओढला. खालून कुणीतरी तो परत ओढला.'

मग मला फारूखभाईंनी वाचायला नेलं आणि पुढच्या शनिवारी ते जवळजवळ नाचतच आले. "काका, काय शेवट केलाय! दोर परत ओढला, बस्स, खल्लास! टीव्हीवाले असते तर विहिरीतून एक राक्षस काढला असता, वर गाणं."

श्रीधरकाकांनी मला हातात घेतलं, उघडलं, मिटलं. म्हणाले, "हं. चांगला आहे."

सावनी केयूरच्या बुटाची नाडी बांधत बसली. ती आधीच बांधलेली होती.

मित्रांनो, मग दोन वर्षं माझं जे कौतुक झालं! दोर कुणी ओढला, यावर चिठ्ठ्या साचल्या. कुणी म्हणे पाण्यानं, कुणी म्हणे इरानंच, पण दुसऱ्या काळातल्या. शेवट लिहायचा नाही ही रीतसुद्धा माझ्यापुरती मोडली. मी वरच्या फळीवर बसले. पण कौतुक चाललं होतं ते माझ्या जखमेचं. आणि खळीच्या वासानं कागद खाणारी कसर लागली होती. ती मला आतून कुरतडत होती, रोज थोडी.

या उन्हाळ्यात फारूखभाई एक पत्ता घेऊन आले. "लेखक हयात आहेत, पुण्यात असतात. आपण सगळ्यांच्या सहीनं पत्र पाठवू, की असा शेवट कुणीच केला नाही."

"पत्र सावनी लिहील," श्रीधरकाका म्हणाले. "अक्षर तिचं छान आहे."

सावनीनं 'आदरणीय महोदय' लिहिलं आणि पेन थांबलं. तिचा दुसरा हात माझ्यावर होता. आठवडाभर तिला सगळे विचारत, बाळ जेवलं का, बाळ झोपलं का. 'तुला काय वाटतं?' असं विचारणारी ही एवढीच जागा. खरं सांगितलं तर ही जागा जाईल. नाही सांगितलं तर या दोन माणसांचं लेखकासमोर हसं होईल.

तिनं पेनाला टोपण लावलं. "फारूखभाई, हा शेवट नाहीये." पिशवीतून तिनं पाकीट काढलं. दोन वर्षं दर शनिवारी ते तिच्याबरोबर यायचं आणि तसंच परत जायचं. "शेवटची आठ पानं केयूरनं फाडली. मी गॅस बंद करायला गेले होते... मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

फारूखभाईंनी पाकीट हातात घेतलं. "म्हणजे दोन वर्षं मी फाटक्या पुस्तकावर भांडत होतो?"

"व्हय," श्रीधरकाका शांतपणे म्हणाले. "मी हे नवं होतं तेव्हाच वाचलंय. आणि इथं गोंद वापरतात, मैद्याची खळ घरातली असते. वाचनालयाच्या कार्डावर तुझ्या आधीचं नाव सावनीचं."

"काका! मग बोलला का नाही?" सावनीचे डोळे भरले.

"तू सांगशील म्हणून थांबलो. आज पत्र तुझ्याच हातात दिलं ना. आणि खरं सांगू? ती आठ पानं लई फालतू होती."

मला जरा लागलं, मित्रांनो. पण खोटं नव्हतं ते.

फारूखभाईंनी तिथल्या तिथं पानं वाचली, कपाळावर हात मारला आणि केयूरला उचलून खांद्यावर घेतलं. "इस बच्चे को एडिटर बनाओ रे! आणि सावनी, पुढच्या शनिवारी येताना याला दुसरं पुस्तक चावायला आण, मी सुचवतो."

सावनी रडता रडता हसली.

त्यांनी माझी खळ खरवडली, कसर झटकली, मला उन्हात ठेवलं. पानं मात्र शिवली नाहीत. पाकीट माझ्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवलं आणि पत्राच्या त्याच कागदावर सावनीनं लिहिलं: 'आधी तुमचं मत लिहा. मग हे उघडा.'

मित्रांनो, आमच्यातलं कुणी तुमच्या हातून फाटलं, तर चिकटवून गप्प बसू नका. तुकडे घेऊन या, दाताचे वळ असले तरी आणा. जोडणारे हात असतात. फक्त त्यांना कळायला हवं.

माझा शेवट आता माझ्या खिशात आहे. परवा एका मुलीनं चिठ्ठी लिहिली, पाकीट हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि न उघडता परत ठेवलं.

पाठीमागं बसलेल्या सावनीनं ते पाहिलं. मुलगी मला ठेवून गेली, तसा केयूरच्या हातात आलेला माझा कोपरा तिनं हळूच सोडवला.