घड्याळ नसलेली सलीना

सलीना जेरोपने आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं आणि याचा तिला, खरं सांगायचं तर, थोडा माज होता. उंच डोंगरावरच्या काप्तागातच्या लाल रस्त्यावर एक किलोमीटर संपला की मास्तर स्टॉपवॉच मुठीत लपवून विचारायचे, "किती?" बाकीच्या पोरी मनगटाकडे बघायच्या. सलीना म्हणायची, "तीन बत्तीस." मास्तर मूठ उघडायचे. तीन मिनिटं बत्तीस सेकंद, फार तर तेहेतीस.

"हिच्या पोटात काटे बसवलेत," मास्तर म्हणायचे.

"तीन बाळंतपणं झाली, डॉक्टरला कसे नाही दिसले?"

गुपित काही नव्हतं. घशाशी बारीक जळजळ सुरू झाली की तीन-तीस. त्याच्या अलीकडे हळू, पलीकडे जास्त. पंधरा वर्षं तिचा घसा चुकला नव्हता.

चौतिसाव्या वर्षी ती स्वतः शर्यत जिंकणार नव्हती. दुसऱ्यांच्या पुढे धावून तिसाव्या किलोमीटरपर्यंत वेग बांधून द्यायचा आणि रस्ता सोडायचा, हे तिचं काम. या वेळी मागे होती जेमेली, तिच्या मावशीची मुलगी, बावीस वर्षांची. किनाऱ्यावरच्या मॅरेथॉनमध्ये दोन तास अठ्ठावीस मिनिटांच्या आत आली तर परदेशी संघात जागा. नाही आली तर कॅम्पमधली तिची खाट दुसरीला.

"तीन-तीसने चला. सेकंदभर इकडे नाही, तिकडे नाही," मास्तरांनी बजावलं. "सलीना, निदान या वेळी घड्याळ बांध."

"जेमेलीच्या हातात आहे की."

समुद्र सलीनाने त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला. फार पाणी आणि पिण्याजोगं थेंबभर नाही, एवढंच तिला वाटलं.

शर्यत पहाटे सुटली. तिसऱ्या किलोमीटरला घसा थंडच. सलीनाने पाय उचलले. सहाव्यालाही काही नाही. अजून थोडे उचलले.

"ताई," मागून जेमेली म्हणाली, "तीन एकवीस दाखवतंय."

"घड्याळ खाऱ्या हवेने येडं झालंय. श्वास बघ तुझा. लागलाय?"

"नाही."

"मग?"

अकराव्याला जेमेली पुन्हा म्हणाली, "ताई, एकवीसच आहे." सलीनाने मागे न बघता हात हलवला. पुढे धावणाऱ्याने मागे बघायचं नसतं. मागच्याचा धीर जातो. पावलांचा आवाज ऐकायचा. पावलं येत होती, टप टप, अगदी जवळ. ऊन वर आलं. घामाने डोळे झोंबत होते, पण पावलं सुटली नाहीत, आणि सलीनाला पोरीचं कौतुक वाटलं.

तिसाव्याला ती बाजूला झाली आणि हसत वळली. मागे एक दाढीवाला परका माणूस होता. त्याने अंगठा दाखवला, आभार मानले आणि निघून गेला.

ती उलट्या दिशेने चालत सुटली. जेमेली तेविसाव्यापाशी सापडली, नारळाच्या झाडाखाली, बर्फाच्या पिशव्यांत. ती भ्रमात कुणाला तरी सांगत होती की गाय सुटली आहे.

"अगं, खालची हवा दाट, दम लवकर लागत नाही," मास्तर फोनवर रडत म्हणाले. "तिथे घसा जळायची वाट बघतात का? तोवर अंग शिजतं. मी सांगायला हवं होतं." त्यांनाही कधी सांगावं लागलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या शर्यती डोंगरावरच्याच.

जेमेली जगली. मूत्रपिंडांचं काम अर्ध्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, धावणं विसरा.

पाचव्या आठवड्यात सलीना मावशीकडे गेली. जेमेली आत झोपली होती. परत आलेल्या धावणाऱ्याला अंगणात मुर्सिक पाजतात, राख चोळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध. मावशीने तुंबा तिच्या हातात दिला. "अठरा दिवस उशाशी बसलीस. पोर म्हणते, मीच ताईला पुढे दामटलं, मलाच घाई होती. पी."

दुधाचा वास आला आणि सलीनाने तुंबा ओठांपासून खाली घेतला. जेमेलीने तिला वाचवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

"तिने नाही, मावशी. मी जास्त पळवलं."

"उन्हाने—"

"ऊन नंतर आलं. तिने घड्याळ बघून सांगितलं होतं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. "किती वेळा?"

"दोनदा."

मावशीने तिच्या हातातून तुंबा घेतला. झाकण घट्ट बसवलं, पदराने तोंड पुसावं तसं तुंब्याचं तोंड पुसलं, आणि आत गेली.

आतून जेमेलीचा झोपाळू आवाज आला, "आई, ताई आली का गं?"

"आली होती," मावशी म्हणाली. "गेली."

सलीना अंगणातच उभी होती.