आठ वाजता फोन कर

जोलीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली आणि उद्याचा दिवस आखायला घेतला. सॉर्गम कॅन्यनचा फेरा नऊ मैलांचा, चढ मध्यम, आणि जिथून निघायचं तिथेच परत यायचं. आधी कड्यावरून चालायचं, मग खाली उतरून कोरड्या ओढ्याने बाहेर पडायचं. ऑक्टोबर लागला होता, ऊन निवळलं होतं, पाऊस आठवडाभर नव्हता. पाणी चार लिटर. सकाळी सातला निघाली की दोनपर्यंत परत.

समोर तिची आई वेर्ला सँडविचला शेंगदाण्याचं लोणी लावत होती. एकाच पावाला ती तिसऱ्यांदा लावत होती. बाप ज्या वाटेवर गेला ती वाट लेक दोन वर्षांनी चालायला निघाली होती, आणि आईने तिला नको म्हटलं नव्हतं.

मग जोलीनने फ्रिजवरची पिवळी वही काढली. एकट्याने कॅन्यनमध्ये जायचं तर घरी कागद ठेवून जायचा, ही त्या गावाची रीत होती. कुठल्या वाटेने जाणार, कुठली बाजू आधी, परत कधी येणार आणि नाही आलं तर शेरीफला फोन किती वाजता करायचा. जोलीनने सगळं नीट लिहिलं आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"फोन कधी करशील? आठ घालू?" ती सहज बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

वेर्लाच्या हातातली सुरी थांबली.

हे आठ डेल्मरचे, जोलीनच्या बापाचे होते. डेल्मर म्हणजे एक नमुनाच होता. दोनला येतो म्हणून जायचा आणि सहाला उगवायचा. वाटेत रानमेंढा दिसला की हा खडकावर मांडी ठोकून बसलाच, घरी बायकोचा जीव टांगणीला लागलाय हे त्याच्या गावीही नसायचं. एकदा न राहवून वेर्लाने कागदावरच्या वेळेआधी तासभर फोन केला. गावातली बारा माणसं भरल्या ताटावरून उठली, दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघाली, आणि पायवाटेच्या तोंडाशीच त्यांना डेल्मर भेटला, दुर्बीण गळ्यात, शीळ घालत. महिनाभर गावाने त्याची टर उडवली. हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी त्याला मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधली. तो तिथे हसला. घरी मात्र तीन दिवस अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला, "वेर्ला, कागदावर लिहिलेली वेळ म्हणजे वेळ. त्याआधी फोनला हात लावायचा नाही."

तिने लावला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये तो भल्या पहाटे गेला, कागदावर लिहून, दोनला परत, आठ वाजता फोन कर. तीन वाजल्यापासून वेर्ला फोनसमोर बसली. चार झाले, पाच झाले, सहा झाले. ठीक आठला तिने फोन केला. तो सापडला तेव्हा पाय मांडीत मोडलेला होता आणि मुठीत शिट्टी होती. डॉक्टर म्हणाले, उन्हानं गेला, सातच्या सुमारास.

गावाने तिला उचलून धरलं. तुझं काही चुकलं नाही, असं म्हणत लोक घरी बटाट्याचे गरम ट्रे आणून देत होते, आणि तिला ते ट्रे भिंतीवर फेकावेसे वाटत होते. या सगळ्यातलं एकच वाक्य तिने जपून ठेवलं होतं. शोधपथकाचा म्होरक्या हायरम तिचा हात हातात घेऊन म्हणाला होता की डेल्मर पार आत होता, पाच मैल आत, तू तीनला निघाली असतीस तरी काही उपयोग झाला नसता. बाकी सगळं ती दोन वर्षं भोगत होती, पण रात्री झोप लागायची ती या पाच मैलांवर.

"काही लिहू नकोस," वेर्ला म्हणाली. "मी गाडीत बसते तिथे. मी घरात बसणार नाही."

आईचे दोन्ही गुडघे गेलेले, दिवसभर गाडीत कशी बसणार, असं काहीबाही जोलीन म्हणाली. मग तिने नकाशा घडी करून पटकन पिशवीत घातला. इतक्या घाईने, की एक संत्रं खाली गडगडलं.

सकाळी सातला जोलीन कड्याच्या वाटेला लागली. वेर्ला पायवाटेच्या तोंडाशी गाडीत बसली, मांडीवर घोंगडी, शेजारी गरम चॉकलेटचा थर्मास. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. दुपार झाली तशी तिची नजर ओढ्याच्या तोंडावरून हलेना. दोन वाजले. जोलीन नाही. वेर्लाने स्वतःला बजावलं की दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तिला राहवेना. तिने हॉर्नवर तळहात ठेवला आणि एकदाच, लांबलचक वाजवला.

अडीचला जोलीन ओढ्यातून बाहेर आली. लंगडत नव्हती, धापा टाकत नव्हती. डोळे तेवढे सुजलेले होते. वेर्लाच्या जिवात जीव आला. तिने दार उघडलं, थर्मास पुढे केला, आणि लेकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, अगदी बापावर गेलीस, वेळेचं भान म्हणून नाही.

"येतच होते गं. जरा टेकले होते," जोलीन म्हणाली. "तुझा हॉर्न ऐकला आणि उठले."

"कुठे टेकली होतीस?"

जोलीन खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. नाडी केव्हाच सुटली होती.

"जोलीन."

"बाबा सापडले ती जागा हायरमने मला नकाशावर दाखवली होती, आई. तुला सांगू नको म्हणाला. त्याने तुझ्या भल्यासाठीच..."

वेर्लाने गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं. दोन बत्तीस. हॉर्न वाजवला तो दोन दहाला. यात हिशोब करण्यासारखं काही नव्हतंच, तरी तिने तो पुन्हा पुन्हा केला.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

"आई, मी भरभर चालले."

"म्हणजे शिट्टीही इथवर ऐकू आली असती."

जोलीनने मान वर केली नाही. नको गं, एवढंच ती पुटपुटली. मग तिने किल्ली मागितली, मी चालवते म्हणाली. वेर्ला जागची हलली नाही.

"त्या दिवशी गाडी दारातच होती," ती म्हणाली. "मी तीन वाजल्यापासून किल्ली हातात घेऊन बसले होते."